घरात सोनारकाम असलेल्यांचे अनुभव : भट्टी, घट आणि सरकारी निर्णय

कसोटीचा दगड :
परवा माळा आवरताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. फुंकणी, दोन चिमटे, गुंजांची डबी आणि तळाशी 'प्रमाणित सुवर्णकार' लिहिलेलं सर्टिफिकेट. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी तिसऱ्या पिढीतला कारागीर, स्वतःचं दुकान नाही, दुकानदारांचं काम मजुरीवर घेतो.

चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. १४ कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम ५८ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी, ते हाताखाली कडक लागतं आणि गिऱ्हाईक तर बघतही नव्हतं. आजोबांची भट्टी थंड. दोन वर्षं त्यांनी वखारीत हमाली केली, आजी सांगायची की घरी आले की हात लपवायचे. मग १९६८ चा कायदा, तो थेट १९९० ला गेला. तोवर बाबांची उमेद संपलेली.

आता माझा दिवस. सकाळी सोनं वजन करून घ्यायचं, संध्याकाळी वजन करून द्यायचं, घट, म्हणजे घडवताना झिजून जाणारं सोनं, ठरलेली, त्याहून जास्त गेली की मजुरीतून कापतात. भर उन्हाळ्यात पंखा लावत नाही कारण सोन्याचा कीस उडतो. एप्रिल २०२५ ला तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला, सगळ्यांना वाटतं सोनार मजेत असणार. लोक आता हलके दागिने मागतात, मजुरी ग्रॅमवर, आणि हलक्या डागाला (दागिन्याला) काम तेवढंच किंवा जास्तच. बजेट असो की निवडणूक, सोनं म्हटलं की आयातदार, दुकानदार, गिऱ्हाईक. घडवणाऱ्याला कोण विचारतं? तुमच्या घरी काय झालं ते लिहा.

मोरपंखी :
पंखा 😢 माझे बाबा. बनियन ओलं व्हायचं आणि आम्ही पोरं दारातून पळत गेलो तरी ओरडायचे.

सुमनची आई :
२०१६ चा बंद कोणी विसरलंय का, एक टक्का एक्साईज विरुद्ध, चाळीसेक दिवस दुकानं बंद, बंद मालकांनी केला पण घरात मजुरी आमच्या येईना, ह्यांचे हात रिकामे आणि दिवसभर नुसते बसून, मी शिवणाचे पैसे पुरवून पुरवून वापरले, तेवढ्यातून सावरलो तर नोव्हेंबरला नोटाबंदी. त्या रात्री दुकानात म्हणे रांगा होत्या, आमच्याकडे मात्र नंतर तीन महिने काम नाही. बाकी नंतर लिहिते कुकर झाला.

गलाईवाला :
आम्ही आटपाडीकडचे, सोनं गाळणारे. चुलते, आत्तेभाऊ सगळे देशभर पांगलेत, तिकडची भाषा बोलतात, पोरं तिकडच्या शाळेत. मतदानाला गावी यायचं तर दोन दिवस प्रवास आणि भट्टी बंद, त्यामुळे निम्म्यांचं मत पडतच नाही. मग पुढाऱ्यांनी आमच्याकडे का बघावं. ॲसिडच्या धुरानं काकांची छाती गेली त्याचा कुठे हिशोब नाही.

रानवारा :
२०२४ विधानसभेच्या आचारसंहितेत मला नाक्यावर अडवलं. पिशवीत आठ बांगड्या, पॉलिशला चाललो होतो. कागद दुकानात राहिला. सोनं माझं नाही, दुकानदाराचं, हे सांगून तोंड दुखलं. रात्री साडेदहाला तो मालाच्या चलनाचा कागद घेऊन आला तेव्हा सुटलो. तपासणी हवीच, पैसा वाटतात लोक हे मलाही दिसतं. पण इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

मोरपंखी :
@रानवारा बापरे. आता कागद बरोबर ठेवता ना?

रानवारा :
ठेवतो. फोटोपण मोबाईलमध्ये.

निळी छत्री :
मी कारागीर नाही, गिऱ्हाईक. पण हॉलमार्क सक्तीचा झाला हे चांगलंच ना? आईचं मंगळसूत्र मोडायला गेलो तर १८ कॅरेट निघालं, २२ म्हणून घेतलेलं.

कसोटीचा दगड :
@निळी छत्री चांगलंच आहे, मनापासून सांगतो. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं आलं आणि आता सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा ओळख क्रमांक, डागावर असतो, फसवणूक अवघड झाली. माझं दुखणं वेगळंय. डाग तपासणीत नापास झाला, कधी जोडातल्या टाक्यामुळेसुद्धा, की आटवून पुन्हा घडवायचा, आणि दुसऱ्या वेळची मजुरी कोणी देत नाही. आईंच्या डागाचं ऐकून वाईट वाटलं.

सुमनची आई :
आले परत. विश्वकर्मा योजनेत सोनार आहेत का हो? ह्यांना कोणीतरी सांगितलं.

गलाईवाला :
आहेत ताई, १८ कामं आहेत त्यात सोनारकाम धरलंय. आधी एक लाख कर्ज, ते फेडलं की दोन लाख, व्याज ५ टक्के, हत्यारांना १५ हजार. माझ्या मेव्हण्याला ट्रेनिंगचे दिवसाचे ५०० मिळाले.

सुमनची आई :
उद्याच पाठवते त्यांना. तारीख गेली नसेल ना 🙏

अबोली :
विषय सोडून विचारते, ठुशीचा गोंडा तुटलाय, मणी ओघळतायत, कुठल्याही सोनाराकडे नेली तर चालेल का

कसोटीचा दगड :
@अबोली ठुशी सोनाराकडे नको, पटवेकऱ्याकडे न्या, गोंडा तो ओवतो. तोवर घालू नका, आणि मणी मोजून डबीत ठेवा.

अबोली :
मोजले, १४२. एक मिळत नाहीये, कालपासून सतरंजी झाडतेय.

मोरपंखी :
सतरंजी बाहेर झटकू नका!! आमच्याकडचा केरसुद्धा झारेकरी विकत घेऊन जायचा, त्यातूनपण सोनं निघायचं. पांढऱ्या चादरीवर झाडा.

अबोली :
सापडला!! बाळाच्या मोज्यात होता