हेलीन चक्रीवादळानंतर बंकम काउंटीत जमीन घ्यावी का?

शार्लटवाला:
नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात पाच-सहा एकर जमीन शोधतोय. भाजीपाला, कोंबड्या, स्वतःचं पाणी, आणि संकट आलंच तर महिनाभर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये. बंकम काउंटी (म्हणजे अ‍ॅशव्हिलचा परिसर) म्हटलं की सगळे हेलीनचं नाव घेतात. मला तो निकाल घाईचा वाटतो. २७ सप्टेंबर २०२४ ला स्वानानोआसारखी नदीकाठची वस्ती वाहून गेली. नदीने १९१६ मध्येही हेच केलं होतं. पाऊस बारमाही, उन्हाळा सौम्य. पाच एकरांवर फळं-भाजी लावून वर्षाला सरासरी हजार डॉलर मिळवले आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर मालमत्ता करही शेतीच्या दराने लागतो. काउंटीवर फुली मारू नका, प्लॉट नीट बघा.

ट्रँगलकर:
प्लॉट बघून काय होणार? अ‍ॅशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी १८ नोव्हेंबरला आलं, ५३ दिवसांनी. शेजारच्या काउंटीत आय-४० महामार्ग पिजन नदीने खाल्ला, तो १ मार्च २०२५ ला एकेक लेन करून उघडला. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, म्हणून याच अ‍ॅशव्हिलला लोक हवामानबदलात सुरक्षित म्हणत होते! मी राज्याच्या मध्यभागी, सपाट मुलखातल्या चॅटम काउंटीत घेईन.

मुळशीकर:
नदीपासून लांब, उंचावर घेतलं की झालं, असं माळीण बघितलेल्या मराठी माणसाने तरी म्हणू नये. ३० जुलै २०१४, दीडशेवर माणसं. मग २०२३ ला इर्शाळवाडी. हेलीनमध्ये बंकमच्या फेअरव्ह्यू भागातही दरडींनीच माणसं नेली. आणि घराच्या नेहमीच्या विम्यात ना पूर बसतो, ना दरड. पुराचा विमा वेगळा काढला तरी घसरणारा डोंगर त्यात नाही. राज्याच्या भूगर्भ खात्याने या काउंटीचे दरडींचे नकाशे केले आहेत, ते बघितल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. वरच्या बाजूला जुनी घळ असेल तर घर दहा पावलं सरकवून भागत नाही.

शार्लटवाला:
नकाशे बघेनच. पण ५३ दिवसांचा हिशेब शहराच्या नळाचा आहे. बोअरवाल्यांचेही हाल झाले, कारण वीज नाही तर पंप नाही. म्हणून मी घराच्या वरच्या अंगाला झरा असलेली जागा शोधतोय, पाणी आपसूक खाली येतं. पुरानंतर तपासून, उकळून घ्यावं लागेल, तेवढं करू. आणि चॅटम? जुलै २०२५ मध्ये शांटाल वादळाच्या पावसाने तिथेही पूर आला. शिवाय तिचा काही भाग हॅरिस अणुवीज केंद्राभोवतीच्या दहा मैलांच्या आणीबाणी पट्ट्यात आहे.

ट्रँगलकर:
तो पट्टा सोडून घेऊ. सपाट मुलखात एक रस्ता बुडाला तर दुसऱ्याने वळसा घेता येतो, डोंगरात दरीतला एकच रस्ता असतो. माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. झरा, कोंबड्या, साठवलेलं धान्य सगळं असेल, पण दवाखान्यात पोचता येत नसेल तर ती जागा आमच्या घराला चालणार नाही. तुमच्या घरात असं कुणी नसेल तर जरूर घ्या.