चाकू, करवत की कुऱ्हाड? रानात लाकूडकामासाठी हत्यारं कोणती घ्यावीत, कशी वापरावीत

पायवाट:
रानात दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात जागेवरच लाकूडकाम करायचं आहे. तंबूच्या खुंट्या, भांडं टांगायचा आकडा, चुलीसाठी बारीक पेटवण आणि जमलं तर तीन पायांचं बसायचं स्टूल. सगळी हत्यारं मिळून दीड किलोच्या आत बसवायची आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं:

१. एकच मोठा, जाड चाकू घेतला तर कुऱ्हाड आणि करवत दोन्ही टाळता येतील का?

२. सध्याचा चाकू अडीच मिमी जाड आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना धारेपर्यंत जाणारा एकच रुंद, सपाट उतार आहे. सुकं कडक लाकूड तासलं की धारेवर ठिकठिकाणी चमकणारे ठिपके दिसतात आणि तिथे चाकू घसरतो. पोलाद हलक्या प्रतीचं आहे की धार लावण्यात चूक होते आहे?

३. हातकुऱ्हाडीचं पातं दांड्यावर हलतं. रात्रभर पाण्यात ठेवली की घट्ट बसते, दोन दिवसांनी पुन्हा डुगडुगते. कायमचा उपाय काय?

तासणी:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ‘नाही, टाळता येणार नाहीत.’ मोठा चाकू कुऱ्हाडीचं काम वाईट करतो आणि लहान चाकूचं त्याहून वाईट. पंचवीस सेंमीच्या पात्याने आकड्याची खाच कोरायला गेलात, तर टोक हातापासून इतकं लांब असतं की त्यावर ताबा राहत नाही.

वजनाची मर्यादा असेल तर आधी करवत घ्या. आठ सेंमी जाडीचं वाळकं लाकूड आडवं तोडायचं असेल, तर कुऱ्हाडीला जवळपास लाकडाच्या जाडीइतकीच रुंद खाच पाडावी लागते, म्हणजे तेवढं लाकूड ढलप्या करून फेकून द्यायचं. करवत तेच काम दोन-तीन मिमीच्या फटीत करते. शिवाय कापलेलं टोक सपाट मिळतं. लाकूड पुढे फोडायचं असेल तर ते सपाट टोकावर उभं राहतं, हा फायदा लोकांच्या लक्षातच येत नाही.

घडीची करवत घ्या, पातं १८ ते २१ सेंमी. तिचं वजन साधारण २०० ग्रॅमच्या आसपास येतं. पात्याच्या निम्म्या लांबीइतक्या जाडीपर्यंतच ती सुखाने चालते, म्हणजे नऊ-दहा सेंमी. त्याहून जाड लाकडात दात बाहेर यायला जागा उरत नाही, भुसा आतच अडकतो आणि करवत जड चालते. ओल्या लाकडाला मोठे, विरळ दात हवेत, कारण ओला भुसा धागेदार आणि चिकट असतो. बांबूला बारीक दात हवेत. मोठे दात बांबूची बाहेरची पाठ फाडतात.

या करवती बहुतेक ओढताना कापतात. जोर फक्त ओढताना द्या, परत नेताना हात अगदी हलका. ढकलताना दाबलंत की पातळ पातं मधोमध वाकतं, आणि एकदा वाकलेलं पातं पुन्हा सरळ चालत नाही. दातांची टोकं काळपट-निळसर असतील तर ती वेगळी कडक केलेली असतात. त्यांच्यावर कानस चालत नाही, घसरते. ती बोथट झाली की पातंच बदलायचं. म्हणून सुटं पातं मिळतं की नाही हे आधी बघा.

करवत लाकडात अडकते ती बहुतेक वेळा आधार चुकीच्या जागी दिल्यामुळे. दोन्ही टोकं टेकलेली आणि कापायची जागा मध्ये असेल, तर लाकूड खाली झुकतं आणि फट वरून मिटते. कापायचं टोक आधाराच्या बाहेर लोंबतं ठेवा. मात्र फांदी जाड असेल तर आधी खालच्या बाजूने पाव जाडीपर्यंत चीर द्या आणि मग वरून कापा. नाहीतर शेवटी ती वजनाने तुटते आणि सालीसकट लांब चिरफळी ओढून नेते.

चाकूचं पातं ९ ते ११ सेंमी, जाडी तीन मिमीच्या आसपास. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असेल तर उत्तम. पाठ काटकोनी असावी, म्हणजे साल खरवडायला आणि ठिणगीची कांडी घासायला धार खर्ची पडत नाही.

चाकूने लाकूड फोडणं हा आणीबाणीचा उपाय आहे, रोजचा नव्हे. करायचंच असेल तर टोक पलीकडे तीन-चार सेंमी बाहेर राहील एवढ्याच जाडीचं, बिनगाठीचं लाकूड घ्या. पातं जमिनीला समांतर ठेवा आणि बाहेर आलेल्या टोकाकडच्या पाठीवर लाकडी सोटा मारा. मूठ खाली दाबू नका. पाती मोडतात ती याच चुकीने, मूठ दाबायची आणि टोक वर उचललं जायचं. बारीक पेटवणीला हे पुरतं. त्याहून जाड असेल तर चाकूने फक्त पहिली भेग पाडा, आणि पुढे सुक्या लाकडाच्या दोन पाचरी ठोकत जा. पाचरी जागेवरच तासून होतात, तुटल्या तर दुसऱ्या करायच्या.

निसणा:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. चमकणारे ठिपके म्हणजे धार गुंडाळली गेली आहे, अगदी कडेचं पोलाद एका बाजूला वळलं आहे. धारेला खरी तीक्ष्णता असेल तर तिच्यावर उजेड परावर्तित व्हायला जागाच नसते, ती काळी रेघ दिसते. उजेड चमकला की तिथे सपाटी तयार झाली आहे असं समजा. अंगठ्याच्या नखावर धार अलगद, दाब न देता सरकवून बघा, त्या जागी ती नखाला चावत नाही.

धार गुंडाळली आहे की तुटली आहे, हा फरक महत्त्वाचा. गुंडाळली असेल तर कोन लाकडाच्या मानाने फार बारीक आहे. लहान अर्धवर्तुळाकार खाचे दिसत असतील तर धार तुटली आहे. तिचं कारण अनेकदा कडक पोलाद आणि लाकडात रुतलेलं पातं मुरगाळून सोडवणं. गाठीत पातं अडकलं की ज्या दिशेने आत गेलं त्याच दिशेने मागे घ्यायचं, डावीकडे-उजवीकडे हलवायचं नाही.

तुमच्या प्रकारच्या चाकूंचा दोन्ही बाजूंचा मिळून कोन साधारण वीस ते पंचवीस अंश असतो. ओल्या, मऊ लाकडाला तो छान. सुक्या कडक लाकडात आणि गाठींत तेवढ्या पातळ धारेला मागून आधार पुरत नाही. पोलाद बदलायची गरज नाही. नेहमीप्रमाणे धार लावून झाल्यावर पाठ थोडी उचला, दर बाजूला पंधरा अंश होईल एवढी, आणि बारीक दगडावर प्रत्येक बाजूने चार-पाच वेळा हलकेच ओढा. धारेवर केसाएवढी नवी कड तयार होईल. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, पण गुंडाळणं बरंच कमी होतं.

मुख्य धार लावताना: रुंद उतार पूर्ण दगडाला टेकवा. तो टेकला आहे का हे बोटांना कळतं, तरी सुरुवातीला उतारावर मार्करने रंग फासा. दगडावर चार वेळा ओढून बघा, रंग सगळीकडे सारखा गेला पाहिजे. फक्त वरच्या कडेचा गेला तर पाठ फार खाली दाबताय, फक्त धारेजवळचा गेला तर पाठ उचलली जातेय. खरखरीत दगड ४०० ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), मग १०००, मग ३००० किंवा ४०००. पहिल्या दगडावर एका बाजूने इतकं घासायचं की दुसऱ्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीवर धातूचा बारीक पापुद्रा उलटून आलेला बोटाला जाणवेल. तो टोकापासून मुठीपर्यंत सलग यायला हवा. तो येण्याआधी बाजू बदलणं किंवा बारीक दगडाकडे वळणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मग कितीही पॉलिश करा, बोथट धार चकाकते, एवढंच.

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पापुद्रा काढा, पातं धारेच्या उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढत. रानात एवढे दगड नेऊ नका. दुहेरी बाजूचा छोटा दगड आणि पट्टा पुरे. धार पार जाईपर्यंत थांबण्यापेक्षा दर तासाभराच्या कामानंतर पट्ट्यावर वीसेक वेळा ओढणं कितीतरी सोपं.

आणि कळकळीची विनंती, विजेच्या सुक्या चाकावर धार लावू नका. पातळ धार क्षणात तापते. निळी पडली की तिथलं पोलाद नरम झालं, आणि तेवढा भाग घासून काढल्याशिवाय ती धार टिकणार नाही.

ओला ओंडका:
कुऱ्हाड पाण्यात ठेवू नका. लाकूड फुगतं, पण नेढं (पात्यातलं दांडा बसवायचं भोक) पोलादाचं, ते काही फुगत नाही. म्हणून आतले तंतू स्वतःवरच चिरडले जातात. वाळलं की दांडा आधीपेक्षाही बारीक होतो. दर वेळी भिजवून तुम्ही तो आणखी सैल करताय.

आधी दांडा ठेवण्यासारखा आहे का बघा. खालच्या टोकावर वाढीच्या रेघा दिसतात, त्या धारेच्या दिशेला समांतर असाव्यात. बाजूने पाहिलं तर रेषा दांड्याच्या लांबीभर धावल्या पाहिजेत. मधेच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार, तो बदला.

चांगला असेल तर कुऱ्हाड हवेत उभी धरा, पातं खाली, दांड्याचं टोक वर. त्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोका. पातं जड असल्याने जागीच राहतं आणि दांडा नेढ्यात आणखी खाली सरकतो. पाच-सात मिमी सरकला तरी खूप झालं. मग जुनी पाचर काढून नवी ठोका. पाचरीची चीर नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश असावी आणि पाचर पूर्ण वाळलेल्या कडक लाकडाची. अर्धओल्या लाकडाची पाचर आठवड्यात आटते आणि सगळी मेहनत वाया जाते. दांडा नेढ्याच्या वर तीन-चार मिमी राहू द्या, साफ कापू नका. ती वर उरलेली कड पाचरीने पसरते आणि पात्याला अडवते.

नंतर वरच्या उघड्या टोकाला जवसाचं उकळलेलं तेल पाजा, ते पिणं बंद करेपर्यंत. तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवू नका. वाळताना त्या स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. दांड्यावर चकचकीत वॉर्निश असेल तर खरवडून टाका, हाताला फोड त्यानेच येतात.

पायवाट:
तिघांचेही आभार. दोन शंका राहिल्या. हातकुऱ्हाडीचा दांडा ३५ सेंमी आहे. लहान म्हणजे जास्त सुरक्षित, बरोबर ना? आणि स्टूलसाठी भोकं कशाने पाडायची?

तासणी:
उलट आहे. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुतेकदा जमिनीत जाते. आखूड दांड्याची वळण घेऊन नडगीत किंवा गुडघ्यात येते. म्हणून ३५ सेंमीची कुऱ्हाड उभ्याने चालवायचीच नाही. दोन्ही गुडघे टेकून बसा, ठोकळा पुढे ठेवा आणि लाकूड ठोकळ्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर ठेवा. घाव चुकला तर पातं ठोकळ्यात थांबतं. पेटवण फोडताना लाकूड बोटांनी धरू नका. पातं लाकडावर टेकवा आणि दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटा.

आडव्या खोडाच्या फांद्या छाटताना तुम्ही खोडाच्या एका बाजूला, फांदी दुसऱ्या बाजूला. बुंध्याकडून शेंड्याकडे जा, म्हणजे फांदीच्या काखेत नव्हे, तिच्या पाठीवर घाव पडतो.

चाकूसाठीही एक नियम. बसून तासताना हात मांड्यांच्या मध्ये नेऊ नका, मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. कोपर गुडघ्यांवर टेकवा, म्हणजे पातं गुडघ्यांच्या पुढे चालतं, किंवा शरीराच्या उजव्या-डाव्या बाजूला काम करा.

ओला ओंडका:
स्टूलसाठी हाताचं गिरमिट घ्या, २५ मिमीचं. ज्याच्या वरच्या कडीत जागेवर मिळालेली काठी घालून फिरवता येतं ते, म्हणजे मुठीचं वजन वाचतं. कुऱ्हाड घरी ठेवलीत तर करवत, चाकू, गिरमिट, दगड आणि पट्टा मिळून दीड किलोच्या बरंच आत बसतं.

बैठक ओल्या लाकडाची, पाय वाळक्या लाकडाचे. सगळं यावर अवलंबून आहे. ओली बैठक वाळताना आक्रसते आणि सुक्या खुंट्याला घट्ट आवळते. उलट केलंत, तर पाय आक्रसतात आणि महिन्याभरात गळून पडतात. बैठकीसाठी पडलेल्या किंवा परवानगीने तोडलेल्या झाडाचा वीसेक सेंमी जाडीचा, तीसेक सेंमी लांबीचा ओंडका उभा फोडून त्याची एक फाळ घ्या. एवढ्या जाड ओंडक्याला घडीची करवत एका बाजूने पुरत नाही, थोडं थोडं कापत फिरवत जा. ओंडका अख्खा ठेवू नका. वाढीच्या वळ्यांच्या दिशेने लाकूड गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट आक्रसतं, त्यामुळे मधला गाभा आत राहिला की बैठक गाभ्यापासून कडेपर्यंत फाटते.

पाय ४ सेंमी जाड, ४० ते ४५ सेंमी लांब. त्यांची वरची टोकं निखाऱ्यांपासून वीतभर अंतरावर, अधूनमधून फिरवत आणखी वाळवा, काळी पडू देऊ नका. मग गोल तासून २५ मिमीच्या भोकात ठोकून जातील इतकी घट्ट ठेवा. आधी गिरमिटाने सुक्या फळकुटात एक भोक पाडून त्यात टोक घालून बघा, जिथे घासून चमकेल तिथेच तासा. भोकं बाहेरच्या बाजूला बारा ते पंधरा अंश कलती, कडेपासून किमान चार सेंमी आत. कडेजवळ गेलात तर ठोकताना फाळ चिरते.

वरून पाचर ठोकणार असाल तर तिची चीर बैठकीच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेने ठोकलेली पाचर बैठकीलाच फोडते. आणि पाय तीनच ठेवा. उंचसखल जमिनीवर चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तीन पायांचं कुठेही टेकतं.