'हॅड बेटर', 'शुड' की 'माइट वॉन्ट टू'? इंग्रजीत सुचवताना कुठे काय वापरावं?

प्रश्न
एखादी गोष्ट सुचवायला इंग्रजीत 'यू शुड', 'यू हॅड बेटर', 'व्हाय डोन्ट यू', 'हाऊ अबाउट', 'यू माइट वॉन्ट टू' अशा कितीतरी रचना आहेत. मराठीत यातल्या बहुतेकांचं 'तुम्ही अमुक करावं' असंच होऊन बसतं. नेमकी अडचण अशी की वरिष्ठांना मेलमध्ये 'पाठवण्याआधी आकडे एकदा तपासून घ्या' असं कळवायचं आहे. 'यू हॅड बेटर चेक द फिगर्स' हे 'यू शुड'पेक्षा नम्र वाटतं. बरोबर आहे का? आणि 'हाऊ अबाउट' व 'व्हॉट अबाउट' एकच आहेत का?

प्रतिसाद १
उलट आहे. ते वाक्य कृपया पाठवू नका. 'हॅड बेटर'च्या पोटात एक न उच्चारलेलं 'नाहीतर' असतं. 'यू हॅड बेटर लीव्ह नाऊ' म्हणजे 'आता निघ, नाहीतर गाडी चुकेल'. मित्राला सावध करायला हे ठीक आहे, पण वरिष्ठांना लिहिलंत तर 'तपासा, नाहीतर बघा' असं वाचलं जाईल. 'बेटर' म्हणजे 'बरं', आणि 'तपासलेलं बरं' हे मराठीत सौम्य, म्हणून इंग्रजीतही सौम्य असेल, असं आपण धरून चालतो. त्यापेक्षा 'गप्प बसलास तर बरं' यातला सूर कानात ठेवा. 'हॅड बेटर' त्याच्या जवळचं आहे.

रचनेतही दोन ठिकाणी घसरायला होतं. 'हॅड' दिसायला भूतकाळी, पण अर्थ आत्ताचा किंवा पुढचा. त्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं, 'टू' येत नाही. नकारात 'नॉट' हा 'बेटर'नंतर: 'यू हॅड बेटर नॉट टेल हिम'. शिवाय हे समोरच्या एका प्रसंगापुरतंच चालतं. 'माणसाने रोज व्यायाम करावा' अशा सर्वसाधारण सल्ल्याला 'शुड'च हवं.

तुमच्या मेलसाठी: 'इट माइट बी वर्थ चेकिंग द फिगर्स अगेन बिफोर धिस गोज आउट'. यात 'यू' नाहीच, त्यामुळे बोट माणसाकडे न जाता आकड्यांकडे जातं. 'वर्थ'पुढे 'चेकिंग'च, 'टू चेक' नाही. आणि 'एकदा'साठी 'वन्स' घालू नका. आपलं 'एकदा बघून घ्या' यातलं 'एकदा' विनंती मऊ करतं. इंग्रजी 'वन्स' मात्र मोजणी करतं, 'एकच वेळ तपासा' असं सांगतं.

प्रतिसाद २
'हाऊ अबाउट' आणि 'व्हॉट अबाउट' पुष्कळदा अदलाबदल करून चालतात: 'हाऊ अबाउट फ्रायडे?', 'व्हॉट अबाउट फ्रायडे?' फरक कळतो तो मराठी कान लावल्यावर. 'हाऊ अबाउट मीटिंग ऑन फ्रायडे?' म्हणजे 'शुक्रवारी भेटलो तर?' पण 'व्हॉट अबाउट द कॉस्ट?' म्हणजे 'आणि खर्चाचं काय?' ही सूचना नाही, राहून गेलेला मुद्दा किंवा हरकत आहे. तिथे 'हाऊ अबाउट' बसत नाही. दोन्हींपुढे नाम किंवा 'इंग'वालं रूप येतं. 'हाऊ अबाउट टू मीट' चूक. बोलताना 'हाऊ अबाउट वी मीट ॲट फाइव्ह?' सर्रास ऐकू येतं, औपचारिक लेखनात टाळा.

'व्हाय डोन्ट यू' म्हणजे 'करून बघ ना' मधलं 'ना'. शब्दशः 'का नाही करत?' असं घेतलं की तक्रार वाटते आणि लोक कारण द्यायला लागतात. 'व्हाय डोन्ट यू सिट डाउन?' याचं उत्तर 'थँक्स' म्हणून बसणं हे आहे. मात्र काळ बदलला की खरंच जाब होतो: 'व्हाय डिडन्ट यू कॉल हर?' लेखी मजकुरात सूर ऐकू येत नाही, म्हणून वरिष्ठांना ही रचना नकोच. 'व्हाय नॉट'पुढे थेट मूळ क्रियापद: 'व्हाय नॉट कॉल हर?'

प्रतिसाद ३
एक भर. 'यू माइट वॉन्ट टू' कोण म्हणतंय ते बघा. बरोबरीचा म्हणाला तर सूचना. साहेब म्हणाले तर बहुतेक वेळा तो हुकूमच, फक्त शब्द मऊ. 'तुला वाटलं तर कर' असं समजून सोडून दिलंत तर पंचाईत होईल.

आणि 'सजेस्ट' हा शब्द आला की मराठी माणूस हमखास अडकतो. 'मला एक पुस्तक सुचव' वरून 'सजेस्ट मी अ बुक', 'त्याला जायला सुचवलं' वरून 'आय सजेस्टेड हिम टू गो'. दोन्ही चूक. 'सजेस्ट'ला लगेच माणूस जोडता येत नाही. 'कॅन यू सजेस्ट अ बुक?', 'आय सजेस्टेड दॅट ही गो' किंवा 'दॅट ही शुड गो' असं हवं. 'ही'पुढे 'गोज' नाही, 'गो' आहे, ते छापखान्याची चूक समजू नका. 'आय सजेस्ट वेटिंग' हेही बरोबर, 'आय सजेस्ट टू वेट' नाही.

प्रश्नकर्ता
'वर्थ चेकिंग'वालंच वाक्य पाठवतो. मग 'यू कुड' कुठे वापरायचं? ते 'शुड'चं नम्र रूप आहे का?

प्रतिसाद १
नम्र रूप नाही, वेगळं काम आहे. 'शुड'मध्ये 'हेच योग्य' असं तुमचं मत असतं. 'कुड' नुसते पर्याय मांडतं: 'यू कुड कॉल देम, ऑर यू कुड वेट टिल मंडे'. निवड ऐकणाऱ्याची. दोन-तीन मार्ग खरोखर खुले असतील तेव्हा हे सगळ्यात सोपं आणि कोणालाही चालणारं. फक्त पुढे 'हॅव' लावताना जपा. 'यू कुड हॅव टोल्ड मी' ही सूचना राहत नाही, बहुतेकदा 'मला सांगायचं तरी!' असा रुसवा होतो.