परसात रायफल आणि आवाज दाबणारी पेटी: उपाय की पळवाट?

परसदार

मुद्दा सरळ मांडतो. घरामागे भरपूर मोकळी जागा आहे, कायद्याने मुभा आहे, गोळी अडवायला मातीचा भक्कम बांध आहे, तर .२२ रायफलचा (०.२२ इंच व्यासाच्या बारीक गोळीची) सराव घरी करण्यात मला काही गैर वाटत नाही. उरतो तो आवाज. त्यावर पेटी करावी असं म्हणतोय. बाहेरून जाड प्लायवूड, आतून रॉकवूल (दगडापासून केलेली, आवाज शोषणारी लोकर), नळीचं तोंड पेटीच्या आत, पुढे गोळी जायला वाट. बंदुकीला काहीही जोडायचं नाही, पेटी तिच्या स्टँडवर उभी. नेमबाजीच्या काही रेंजवर जुने टायर ओळीने उभे करून त्यातून गोळी झाडतात, तशातलंच.

आपल्या छंदाचा ताप दुसऱ्याने का सोसायचा, एवढाच विचार यामागे आहे. .२२ चा बार नळीच्या तोंडाशी साधारण १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि क्षणिक आवाजासाठी कानाची धोक्याची रेषाही तिथेच धरतात. त्यातले १० डेसिबल उतरले तर ऐकणाऱ्याला आवाज जवळपास निम्मा वाटतो. ही पेटी करू नये असं कुणाला वाटत असेल तर कारणासकट सांगा.

ध्वनिवेडा

कारणासकट सांगतो. तुम्ही एक आवाज धरलात, प्रत्यक्षात तीन असतात. पहिला नळीच्या तोंडाशी गरम वायू सुटतो त्याचा. दुसरा गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल तर वाटेभर उमटणारा कडाका. तिसरा गोळी जिथे बसते तिथला. पेटी फार तर पहिल्याचं काही करेल. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि .२२ ची वेगवान काडतुसं त्याच्या पुढे जातात. म्हणजे पेटीतून बाहेर पडलेली गोळी पुढच्या सगळ्या वाटेवर चाबूक ओढत जाणार.

आता पहिल्या आवाजाबद्दल. पेटीच्या एकूण पृष्ठभागाचा दहावा हिस्सा उघडा राहिला तर बाकीच्या भिंती पोलादाच्या केल्यात तरी ढोबळमानाने १० डेसिबलपुढे मजल जात नाही. शंभरावा हिस्सा उघडा ठेवलात तर २०. तुमच्या पेटीला मागून नळी आत यायला एक भोक आणि पुढून गोळी जायला दुसरं. त्यात बाराचा जोर सगळ्यात जास्त पुढच्याच दिशेला असतो, आणि नेमकं तिथेच भोक. खिडकी सताड उघडी ठेवून भिंतीची जाडी वाढवण्यातला प्रकार आहे हा.

आणि कुणी अंड्यांचे ट्रे सुचवायच्या आत सांगून ठेवतो, त्यांनी आवाज अडत नाही. अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जादा अडतात. शोषायला जाडी लागते. ५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ६८ सेंटिमीटरच्या आसपास, तिला नीट शोषायचं तर थर त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे १७ सेंटिमीटर हवा. दोन बोटं जाडीच्या फोमने फक्त वरचा किणकिणाट जातो, ठोका राहतो.

परसदार

कडाक्याचा मुद्दा कबूल, पण त्याला उत्तर आहे. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू गोळीची, काडतुसं वापरायची. लक्ष्यावर नेम धरणारे बरेच जण तशीही हळू गोळीच पसंत करतात, कारण ध्वनिवेगाच्या उंबरठ्यावरची गोळी डगमगते.

भोकांचा हिशेब मात्र तुम्ही रिकाम्या डब्याचा केलात. पेटी लांबट असली, आतून सगळीकडे शोषणारा थर असला, तर आवाज भोकाबाहेर पडण्याआधी आतल्या आत बराच जिरतो. वाऱ्याच्या डक्टमध्ये पंख्याचा आवाज असाच मारतात. दोन्ही टोकं उघडी असूनही तिथे काम होतंच की.

ध्वनिवेडा

लांबीचं बरोबर आहे. पण मग ती पेटी राहत नाही, बोगदा होतो. तेवढी जागा आणि वजन हिशेबात धरा म्हणजे झालं.

बिनधास्त

एवढा खटाटोप कशाला? जागा तुमची, बंदूक तुमची, कायद्यात बसतंय. दिवसाढवळ्या झाडा आणि मोकळे व्हा. कुणाचा ड्रिल चालतो, कुणाचं गवत कापायचं यंत्र चालतं, ते कुठे पेट्या बांधतात?

कुंपणापलीकडे

गवत कापायच्या यंत्रातून गोळी सुटत नाही, बिनधास्तराव.

मी या वादात दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या शेजारी हा छंद चालतो, बांध आहे, माणूसही भला आहे. तरी एक गोष्ट छंदवाल्यांच्या लक्षात येत नाही. मला त्रास होतो तो आवाज मोठा आहे म्हणून कमी, आणि तो कधी येईल ते माहीत नाही म्हणून जास्त. चहाचा कप तोंडाला लावलेला आणि फाट्! मग पुढचा बार कधी, म्हणून अख्खा सकाळचा वेळ कान टवकारलेले.

आता पेटीचं बघा. आवाज अर्धवट दबला की तो बंदुकीचा वाटेनासा होतो. दार आपटलं असेल, फळी पडली असेल. म्हणजे पलीकडे गोळीबार सुरू आहे हे मला कळायची जी एकमेव सोय होती तीही गेली. कुंपणालगत पोरं खेळत असतील तर त्यांना घरात बोलवायचं की नाही हे मी कशावरून ठरवू? .२२ ची गोळी बारीक दिसते म्हणून लोक तिला खेळणं समजतात. उंच सुटली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाते, आणि कठीण जमिनीवरून किंवा पाण्यावरून उसळण्याबद्दल तर ती बदनामच आहे. तुमची पेटी यातल्या कशाला अडवते?

परसदार

गोळी अडवणं हे पेटीचं कामच नाही, ते बांधाचं. मी पहिल्याच ओळीत बांध लिहिलाय. आणि आवाज हीच धोक्याची सूचना समजायची असेल तर मग कानठळ्या बसवणारी बंदूक सगळ्यात सुरक्षित म्हणायला हवी. ते काही पटत नाही. सूचना द्यायची तर बोलून द्यावी, लाल झेंडा लावून द्यावी. रेंजवर तेच करतात.

खांदा_दस्ता

पेटीच्या बाजूने आहे, पण वरच्या कुणीच न काढलेल्या गोष्टी सांगतो. रेंजवर पेटीमागे बसून झाडलंय म्हणून.

दुर्बीण नळीच्या मध्यापासून चारेक सेंटिमीटर वर बसलेली असते. तुम्ही दुर्बिणीतून बघता, भोकातून लक्ष्य स्वच्छ दिसतं, सगळं आलबेल वाटतं. नळी मात्र खाली, आणि तिच्यासमोर पेटीची खालची कड. चाप ओढला की गोळी प्लायवूडची ढलपी उडवून भलतीकडे वळते. बांधावर जाणारी गोळी बांधावर जाईलच याचा भरवसा तिथे संपला. भोक मोठं ठेवलं की हे टळतं, पण मग ध्वनिवेडा यांचा हिशेब आडवा येतो. पेटीची खरी अडचण ही आहे. आवाजासाठी भोक लहान हवं, जिवासाठी मोठं. या दोघांत झुकायचं कुठे, यावर चर्चेची गरज नसावी.

दुसरं, आग. प्रत्येक बाराबरोबर न जळलेल्या दारूचे कण पुढे उडतात. मोकळ्यावर ते विखुरतात, पेटीत ते अस्तरात साठतात. साध्या फोमच्या छिद्रांत बसले तर एक ठिणगी पुरे. बंदिस्त रेंजना या कारणाने आगी लागलेल्या आहेत. रॉकवूल जळत नाही हे ठीक, पण धूळ त्यातही बसतेच आणि ती काढता येत नाही. अस्तर बदलता येईल असं हवं, आणि तळ पुसता येईल असा.

तिसरं, शिसं. .२२ च्या बहुतेक काडतुसांत पेट घेणाऱ्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं, गोळीही शिशाची. मोकळ्या हवेत जो धूर वाऱ्यावर जातो तो पेटीत कोंडतो आणि मागच्या भोकातून तुमच्याच तोंडावर येतो. नेमाच्या वेळी गाल दस्त्यावर टेकलेला असतो, नाक तिथून किती लांब असतं बघा. नंतर हात साबणाने धुवायचे, ते कपडे घरच्या कपड्यांत टाकायचे नाहीत. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे.

आणि पेटी केली म्हणून कानाचे मफ काढणाऱ्यांना दंडवत. पुढचा आवाज कमी होतो, मागच्या भोकातून येणारा सरळ नेमबाजाच्या कानात जातो.

बिनधास्त

म्हणजे पेटी न करणं सोपं, हेच मी म्हणत होतो!

दहामीटर

किंवा .२२ न वापरणं सोपं. एअर रायफल घ्या. स्पर्धेच्या १० मीटरच्या रायफलीतून ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो, ध्वनिवेगाच्या निम्मा. कडाका नाही, दारू नाही, आग नाही. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आव्हान कमी आहे असं कुणी म्हणू नये.

गंमत म्हणजे इथे बंदुकीपेक्षा छर्रा पकडणारा पत्र्याचा डबाच जास्त बोंबलतो. ठण्ण. त्या पत्र्यापुढे मऊ पुटीचा जाड थर दाबून बसवा, छर्रे त्यात रुततात आणि आवाज थबक् एवढाच उरतो. पेटी करायची हौस असेलच तर ती या टोकाला करा. तिथे एकाच बाजूला तोंड लागतं, ध्वनिवेडाही खूश. शिसं इथेही आहे हे मान्य, छर्रे शिशाचेच. तेव्हा हात धुणं सुटत नाही.

परसदार

एअर रायफल चांगलीच, पण ५० मीटरवर वारा वाचणं ती शिकवत नाही. त्यासाठी .२२ लागतेच. क्रिकेटवाल्याला टेबल टेनिस खेळ म्हणण्यासारखं आहे हे.

खांदा_दस्ता यांचा दुर्बिणीचा मुद्दा लाख मोलाचा. भोक मोठं ठेवतो आणि डेसिबल कमी मिळाले तर मिळाले. किती उतरले ते फोनवर मोजून इथे टाकतो.

ध्वनिवेडा

फोनवर नको. बाराचा शिखरबिंदू मिलिसेकंदाच्या आत येऊन जातो, फोनचा माइक त्याच्या कितीतरी आधी तुंबतो. पेटी असो नसो, आकडा सारखाच दिसेल आणि तुम्ही इथे येऊन काहीतरी सिद्ध केल्यासारखं लिहाल. त्यापेक्षा कुंपणाशी माणूस उभा करा आणि त्याला विचारा. तक्रार तिथलीच आहे ना?

कुंपणापलीकडे

आणि तो माणूस आपला मित्र नको, शेजारीच हवा. परसदार, तुम्ही झेंडा लावणार, वेळ ठरवून कळवणार, बांध एकदा जवळ नेऊन दाखवणार असाल तर माझ्यासारख्याचा अर्धा विरोध तिथेच गळतो. मग पेटी १० डेसिबल कापते की ४, यावर मी वाद घालणार नाही. पण हे काही न करता नुसती पेटी आणून ठेवलीत, तर मला ती माझ्या कानांची काळजी वाटणार नाही. मला कळू नये म्हणून केलेली तजवीज वाटेल.

परसदार

झेंडा आणि वेळ, दोन्ही मान्य. बांधही दाखवीन. पेटीही करणार. दोन्ही एकत्र का नकोत, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

खांदा_दस्ता

एकत्र असू द्या. एकच करा. दर वेळी पेटी मांडली की काडतूस भरण्याआधी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) पूर्ण बाहेर काढा, नळी रिकामी आहे ते बघा, आणि मागून नळीतून पाहा. त्या गोल भोकात लक्ष्य आणि त्यामागची माती एवढंच दिसलं पाहिजे. कडेला कुठेही प्लायवूडची रेघ दिसली तर पेटी हलवा, बंदूक नव्हे. दुसऱ्या दिवशी परत तेच, कारण स्टँडचा पाय मातीत रात्रीत खचतो.