कप मॅचला बी टीम उतरवली की तुम्हाला काय वाटतं?

इंदूरी_लाल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारूनच टाकतो. मी फुटबॉलमध्ये लिव्हरपूलवाला (इंग्लंडचा क्लब), 2005 च्या इस्तंबूल फायनलपासूनचा, घर लोकमान्य नगरला, आणि आता माझ्याशेजारी बसून माझा मुलगा पण बघतो, दहा वर्षांचा आहे. त्याची एक चौकटीची वही आहे, प्रत्येक मॅचच्या आधी त्यात पेन्सिलने मैदान काढतो आणि अकरा नावं ज्याच्या त्याच्या जागेवर लिहितो.

तर 9 फेब्रुवारी 2025, रविवार, एफए कपची (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) चौथी फेरी, प्लीमथच्या मैदानावर. आपल्याकडे रात्री साडेआठची मॅच म्हणजे पोरासाठी सणच, कारण एरवी आठवड्यातल्या कपच्या मॅच रात्री सव्वा-दीडला सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा असल्यामुळे त्याला बघता येत नाहीत. घरी गराडू तळले होते, माझा भाऊ पण आलेला, आणि पोराने दुपारीच वहीत टीम मांडून ठेवली होती, उजवीकडे वर सालाह, नाव जरा मोठ्या अक्षरात. मॅचला तासभर असताना टीम आली. सालाह नाही. बेंचवर पण नाही. व्हॅन डाइक नाही, अ‍ॅलिसन नाही, मॅक अ‍ॅलिस्टर नाही. पोराने काही न बोलता खोडरबर घेतलं आणि एकेक नाव खोडायला लागला, सालाहचं नाव दाबून लिहिलेलं होतं तिथे कागदच फाटला. मग मला विचारलं, बाबा, ते आपल्याला महत्त्वाचं समजत नाहीत का?

मला उत्तर देता आलं नाही.

पुढे 53 व्या मिनिटाला एलियटच्या हाताला बॉल लागला, पेनल्टी, त्यांच्या हार्डीने मारली, 1-0, तेवढ्यावरच बाहेर. प्लीमथ तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तळाला होते आणि आम्ही पहिल्या डिव्हिजनमध्ये टॉपला. ते खूप छान खेळले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आमच्या बाजूची आहे.

पण खरं सांगायचं तर मला धड रागावता पण येत नाही. तीनच दिवस आधी टॉटनहॅमशी लीग कपची (इंग्लंडचीच दुसरी नॉकआउट स्पर्धा) सेमीफायनल झाली होती (4-0, घरच्या मैदानावर) आणि तीन दिवसांनी एव्हर्टनशी त्यांच्या गुडिसन मैदानावर लीगची मॅच होती. एप्रिलमध्ये लीग जिंकली तेव्हा मीच पोराला खांद्यावर घेऊन नाचलो. त्या विश्रांतीचा त्यात वाटा नव्हता असं मी कसं म्हणू? आणि दुसरीकडे बघा, लिव्हरपूलच्या ज्या मॅचनी मला रडवलंय त्यातल्या दोन पोरासोरांच्याच आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये श्रूजबरीशी एफए कपची रीप्ले होती (बरोबरी झाली की परत खेळायची मॅच), तेव्हाचा आमचा कोच क्लॉपने आधीच सांगितलेलं की मोठे खेळाडू सुट्टीवर जातील, तो स्वतः पण आला नाही, अंडर-23 च्या कोचने, क्रिचलीने, आपली पोरं उतरवली, सरासरी वय 19 च्या आसपास, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात लहान टीम. मी सव्वा वाजता चिडूनच टीव्ही लावला होता आणि तीन वाजता डोळे पुसत होतो. आणि 2024 ची लीग कप फायनल तर सगळ्यांना आठवत असेल, क्लार्क, मॅककॉनेल, डॅन्स मैदानात आणि 118 व्या मिनिटाला व्हॅन डाइकचं हेडर.

म्हणजे हरलो की वाटतं कोचने आमची फसवणूक केली आणि जिंकलो की वाटतं याच्यासारखं सुख नाही. हे माझंच असं होतंय की तुमचं पण? आणि पोराला काय सांगू?

तोफखाना_इंदूर

दादा, माझं पण अगदी असंच होतं, फक्त मी आर्सेनलचा. आमचे तेव्हाचे कोच वेंगर साहेब, त्यांनी लीग कप म्हणजे पोरांची शाळाच केली होती. फाब्रेगास 2003 मध्ये रॉदरहॅमविरुद्ध लीग कपमध्येच पहिल्यांदा खेळला, वय 16. कपमध्ये जागा दिली नसती तर एवढ्या लहान वयात त्याला कोण खेळवणार होतं?

आता एक गंमतशीर वर्ष सांगतो, 2012. ऑक्टोबरमध्ये रेडिंगकडे आमची दुसरी फळी गेली, 37 मिनिटांत 4-0 ने मागे. मी तेव्हा कॉलेजात, भंवरकुआंला रूम होती, चौघं एका लॅपटॉपवर, दोघं तर झोपून गेले. आणि मग वॉलकॉट, जिरू, कोसिएल्नी, परत वॉलकॉट, 4-4, एक्स्ट्रा टाइम, शेवटी 7-5. त्या झोपलेल्या दोघांना सकाळी पोहे खाताना सांगितलं तर विश्वास ठेवायला तयार नाहीत.

बरं, त्याच्या सहा आठवड्यांनंतर त्याच कपमध्ये ब्रॅडफर्डकडे गेलो, चौथ्या डिव्हिजनची टीम, आणि या वेळी वेंगरने काझोर्ला, विल्शर, पोडोल्स्की, मेर्टेसाकर, सगळे मोठे उतरवले. पेनल्टीवर हरलो. म्हणून मला नावांवरून टीम चांगली की वाईट हे ठरवणं पटत नाही. त्या रात्रीची हार जेवढी दुखली, तेवढी रेडिंगला आमची पोरं हरली असती तर दुखली नसती.

राजेंद्रनगरची

मी फुटबॉल नवऱ्यामुळे बघते, माझं मूळ क्रिकेट. पण हे वाचून मला जून 2022 ची रणजी फायनल आठवली. आपलं मध्य प्रदेश, समोर 41 वेळा जिंकलेली मुंबई, आणि आपले आवेश खान नि व्यंकटेश अय्यर दोघंही भारताच्या टी-ट्वेंटी टीमबरोबर. तेव्हा इंदुरात कोणी म्हटलं का की आपण बी टीम पाठवली आहे? यश दुबे 133, शुभम शर्मा 116, आपल्या पाटीदारचे 122, आणि सहा विकेट्सनी जिंकलो. आपले तेव्हाचे कोच चंद्रकांत पंडितांनी कॅप्टन म्हणून 1999 मध्ये त्याच चिन्नास्वामीवर फायनल गमावली होती, ते रडले तेव्हा आमच्या घरात माझे सासरे, जे कधी रडत नाहीत, ते पण रडले.

माझं म्हणणं एवढंच की जे मैदानात उतरले ते आपले. मुलाला हे सांगून बघा.

इंदूरी_लाल

ताई, ती फायनल मी पण ऑफिसात लपून बघितली. पण एक फरक आहे, आणि मला वाटतं माझी सल तिथेच आहे. आवेश आणि अय्यर देशासाठी गेले होते, आपल्या हातात नव्हतं. 2024 च्या फायनलला पण सालाह, अ‍ॅलिसन, ट्रेंट दुखापतीने बाहेर होते. जे आहेत त्यांच्यानिशी लढलो. प्लीमथच्या दिवशी सालाह ठणठणीत होता, घरी बसवला. मजबुरीत पोरं उतरली की छाती भरून येते, आणि मर्जीने उतरवली की वाटतं ही मॅच कोचच्या लेखी नव्हतीच, फक्त माझ्या लेखी होती.

बेंचवरचा_सोळा

मी सहसा लिहीत नाही पण आज लिहितो कारण या विषयावर सगळे बघणाऱ्याच्या बाजूने बोलतात, मी बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

कॉलेजच्या टीममध्ये मी तीन वर्षं सोळा नंबरचा जर्सी घालून बेंचवर होतो, लेफ्ट बॅक. लोकांचे स्टड चिखलाने भरायचे आणि माझे मी प्रॅक्टिसनंतर घासून ठेवायचो तसेच्या तसे परत घरी यायचे. तिसऱ्या वर्षी एका नॉकआउट टुर्नामेंटमध्ये दुसऱ्या फेरीला आमच्या सरांनी नऊ जण बदलले, कारण पुढच्या आठवड्यात मोठी मॅच होती. आदल्या रात्री मला झोप लागली नाही, आईने सकाळी दहीसाखर हातावर ठेवली. आणि आम्ही 2-1 हरलो. दुसरा गोल माझ्या बाजूने आला, त्यांचा विंगर आत घुसला आणि मी सेंटर बॅककडे बघितलं की तू घेतोस का मी घेऊ, आणि तो पण पहिल्यांदाच खेळत होता, तो माझ्याकडे बघत होता. तेवढ्या अर्ध्या सेकंदात गोल.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, अरे सोड ना भिया, ती तर बी टीम होती. सांत्वनच करत होता बिचारा. पण वर्षभर वाट बघून मिळालेली माझी एक मॅच होती ती, आणि ती कोणाच्या हिशोबात धरलीच नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की पोरांना खेळवा, जरूर खेळवा, पण त्यांच्या मधोमध चार-पाच मोठे ठेवा. त्या अर्ध्या सेकंदात "माझा!" म्हणून ओरडणारा एक जण हवा असतो, बाकी काही नाही. 2024 ची फायनल बघा, पोरं होती पण मागे व्हॅन डाइक उभा होता. तिथून तीन दिवसांनी साउथॅम्प्टनला 3-0 हरवलं एफए कपमध्ये, कूमासचा पहिल्याच मॅचला गोल, डॅन्सचे दोन, तिथे पण व्हॅन डाइक सुरुवातीपासून होता की नाही ते सोडा, पण ती पोरं फायनलमधून आत्मविश्वास घेऊन आली होती. प्लीमथला एंडो, डियाझ, जोटा होते हे खरं, पण मागे गोमेझ अकराव्या मिनिटाला लंगडत बाहेर गेला आणि मग बॅक लाइनीत ओरडणारा कोणी उरलाच नाही.

तोफखाना_इंदूर

सोळा नंबर दादा, हे वाचून गप्पच झालो. मी पण कितीदा "बी टीम होती" म्हणून मोकळा झालोय.

राजवाडा_मरीनर्स

थोडं वेगळं. माझी आवडती टीम कोलकात्याची, मोहन बागान, तीन वर्षं तिकडे नोकरीला होतो तेव्हापासून. 2025 ला इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) टेबलात पहिलं येण्याची शील्ड आणि आयएसएल कप दोन्ही जिंकल्यावर सुपर कपला भुवनेश्वरला बहुतेक आपली भारतीय तरुण पोरं पाठवली. केरळाला 2-1 हरवलं, सहल आणि सुहेल भटचे गोल. सेमीफायनलला गोव्याकडून हरले. मला त्या दोन मॅच वर्षभरातल्या कितीतरी मॅचपेक्षा जास्त आठवतात, कारण आपल्याकडे स्ट्रायकरच्या जागी भारतीय पोरगा पूर्ण वेळ बघायला मिळतोच कुठे?

आणि छोट्या क्लबच्या बाजूने पण एक गोष्ट, आता 2024-25 पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांमधली रीप्ले बंद झाली. श्रूजबरीने 2-2 करून अ‍ॅनफिल्डला, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, खेळायची संधी कमावली होती, तशी कमाई आता नाही. मोठ्यांच्या पायांना विश्रांती मिळावी म्हणून ते गेलं. मग निदान एका मॅचला तरी पूर्ण ताकदीने या, असं त्या गावातल्या माणसाला वाटणारच, त्याच्या पोराला पण सालाह बघायचा असेल ना.

इंदूरी_लाल

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्लीमथच्या स्टँडमध्ये पण कोणीतरी दहा वर्षांचा सालाहची वाट बघत बसला असेल.

सोळा नंबर, तुमची पोस्ट मी आत्ता पोराला वाचून दाखवली, स्टडवाला भाग दोनदा. त्याने विचारलं ते काका मग परत खेळले का. उत्तर द्या त्याला, तो वाट बघतोय.

आणि मग तो वही घेऊन आला. प्लीमथचं पान मी त्या रात्रीनंतर बघितलंच नव्हतं, मला वाटलं फाडून टाकलं असेल. फाटलेल्या जागेला मागून सेलोटेप लावलाय. अकराच्या अकरा नावं नवीन लिहिली आहेत, न्योनीपुढे कंसात 17, आणि गोमेझच्या नावावर एक रेघ मारून बाजूला मबाया.

बेंचवरचा_सोळा

त्याला सांगा, हो, खेळलो. पुढच्या महिन्यात, शेवटची वीस मिनिटं, आणि त्या दिवशी मीच ओरडलो.