"वऱ्हाडात गळ्यातली आई (२)" हे सूत्र अशुद्ध कसं?

तुराटी
दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाबाहेर फळा आहे. त्यावर मी दर आठवड्याला गूढ शब्दकोड्यातली सूत्रं लिहिते. "नवऱ्याचा भाऊ (२)" असली सरळ नव्हेत. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. सूत्राच्या एका टोकाला अर्थ, दुसऱ्या टोकाला शब्दाची मोडतोड, आणि दोन्हीकडून एकच उत्तर निघालं पाहिजे. पोरं आता तरबेज झाली आहेत. "नदी उलटली की होतो गरीब (२)" हे बारावीतल्या एका पोरीनं सायकलवरून उतरायच्या आधीच सांगितलं. नदी उलटी वाचली की दीन. "अमरावतीच्या पोटात साहेब (२)" म्हणजे राव, तेही लगेच निघालं.

आता अडलंय ते असं. मागच्या आठवड्याचं सूत्र होतं, "वऱ्हाडात गळ्यातली आई (२)". उत्तर माय. गळ्यातली ती माळ, आपल्या बोलण्यात ळ चा य होतो, आणि माय म्हणजे आई. गावात लग्नाला आलेल्या कोणा शिकलेल्या पाहुण्यानं खाली खडूनं लिहून ठेवलं, "वऱ्हाडात नव्हे, अशुद्ध उच्चारात असं हवं." मला ते फार लागलं. पोरं ते वाचतात.

प्रश्न दोन आहेत. उलटली, पोटात, विस्कटलं अशा ज्या शब्दावरून काय करायचं ते कळतं, त्याला मराठीत काय म्हणावं? इंग्रजीत इंडिकेटर म्हणतात. उत्तराची फोड लिहून लावताना दर वेळी तिथेच हात थांबतो. आणि "अशुद्ध" तिथे चालेल का? माझ्या मते मुळीच नाही, पण कारण नीट मांडता येत नाहीये.

आडवेउभे
ताई, "निर्देशक" आहे, पण तो सरकारी परिपत्रकातला वाटतो. मी "खूण" म्हणतो. उलटायची खूण, घुसळायची खूण, ऐकायची खूण.

दुसऱ्याचं कारण मी देतो. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात डिसेंबर १९१३ मध्ये आलं, ते साध्या अर्थांचं होतं. गूढ प्रकार इंग्लंडात वाढला. तिथे रचणारे मनाला येईल तशी सूत्रं द्यायला लागले, तेव्हा शिस्त आली. अॅफ्रिट या टोपणनावानं कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये तत्त्व मांडलं. त्याचा मथितार्थ असा, की वाचणाऱ्याची वरवर दिशाभूल झाली तरी चालेल, पण रचणाऱ्याच्या मनातलं त्या शब्दांत लिहिलेलं असलंच पाहिजे.

हे इथे लावून बघा. "अशुद्ध उच्चारात" म्हटलं तर माळ चं माल होईल, माड होईल, मार होईल. सोडवणाऱ्यानं काय करायचं? "वऱ्हाडात" म्हटलं की एकच गोष्ट करायची, ळ काढून य ठेवायचा. म्हणजे तुमचं सूत्र काटेकोर आहे आणि पाहुण्याची दुरुस्ती ढिली आहे. मानापमान बाजूला ठेवला तरी.

मुठेकाठी
पुण्याहून लिहितोय, राग मानू नका. "अशुद्ध" हा शब्द मलाही नको. पण कोडं सगळ्या मराठी माणसांना सुटलं पाहिजे. माळ चा उच्चार वऱ्हाडात काय होतो हे इचलकरंजीच्या माणसानं कुठे बघायचं? म्हणून प्रमाण भाषा लागते. तुराटीताईंनी मागे एकदा "इडलीसोबत कोथिंबीर (३)" दिलं होतं, उत्तर सांबार. मी दोन दिवस चटणीत अडकलो होतो. सांबार म्हणजे कोथिंबीर हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तुराटी
दादा, आमच्या बाजारात कोथिंबीर मागितली तर बाई थांबून तोंडाकडे बघते. "सांबार देऊ का, दहाचा?" असंच विचारते. पुडाची वडी म्हणून जे तुमच्याकडे हॉटेलात मिळतं, ती आमची सांबारवडी, तिच्या पोटात हाच. रोज जिभेवर असलेला शब्द मी परका कसा धरू? "इडलीसोबत" हा एक अर्थ, "कोथिंबीर" हा दुसरा. दोन अर्थ शेजारी ठेवले, त्यात लबाडी काहीच नाही.

मुठेकाठी
पण "कोथिंबीर" च्या आधी "नागपुरी" किंवा "वऱ्हाडी" हवं होतं ना? माळ-माय मध्ये तुम्ही "वऱ्हाडात" लिहिलंत, इथे नाही.

आडवेउभे
हा मुद्दा चांगला आहे. फळा गावात असेल तर खूण नको, कोडं छापायला पाठवायचं असेल तर हवी. सोडवणारा कोण, त्यावर न्याय ठरतो.

रिद्धपूरकर
सांबार हा मुळात संस्कृत "संभार" असावा. संभार म्हणजे जमवलेलं साहित्य, सामग्री. स्वयंपाकाचं साहित्य ते सांबार, त्यातली हिरवी जुडी ती आपल्याकडे सांबार, दक्षिणेत ती आमटी सांबार. दोघं एकाच आईची लेकरं.

मुठेकाठी
तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात संभाजीराजांच्या नावावरून सांबार आलं, असं ऐकलंय.

रिद्धपूरकर
ती ऐकीव कथा आहे, तिला कागदाचा आधार दाखवा. संभार मला जास्त पटतं.

आणि "अशुद्ध" वर बोलायचंच तर: महानुभावांचं लीळाचरित्र तेराव्या शतकातलं, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या गद्यातलं, आणि त्याचं नातं आमच्या रिद्धपूरशी. त्याच पंथानं पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवायचं, ज्याला किल्ली माहीत त्यालाच वाचता येईल. अक्षरं फिरवून अर्थ झाकणं हे वऱ्हाडाला इंग्रजी कोड्यांनी शिकवलेलं नाही. या मुलखाला भाषेचं शुद्धाशुद्ध शिकवायला कोणी यावं?

आडवेउभे
रिद्धपूरकर, अभिमान मलाही आहे, पण जुनेपणानं सूत्र न्याय्य ठरत नाही. सकळ लिपी झाकण्यासाठी होती. कोडं शेवटी उलगडण्यासाठी असतं. दोन्हींची गफलत नको.

झाडीपट्टी
साकोलीचा आहे. एक सांगतो, "वऱ्हाडात" च्या जागी कोणी "विदर्भात" लिहू नका. आमच्या भंडारा-गोंदियाकडे ळ चा य होत नाही, र होतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. तुमची माळ आमच्याकडे मार होते. सूत्र द्यायचंच तर घ्या: "झाडीपट्टीत गाळ थंड (२)". उत्तर गार. तोच गाळ वऱ्हाडात नेला तर गाय होते. "वऱ्हाडी तोंडी तलावातला चिखल दूध देतो (२)", हे तुराटीताईंच्या फळ्यासाठी.

आणि तलावावरून आठवलं. आमच्याकडच्या माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, तलावांना मामा तलाव म्हणतात, दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं घेऊन. "झाडीपट्टीत पाणी साठवणारा आईचा भाऊ (२)". पुण्याच्या दादांनी सांगावं, हे सुटतं की नाही.

मुठेकाठी
सुटलं, "आईचा भाऊ" वरून. म्हणजे एक अर्थ सगळ्यांचा असला तर दुसरा बोलीतला चालतो, हे मान्य. सांबारमध्येही इडली होतीच म्हणा. पण माय मध्ये पायरी उच्चारातून आहे, तिथे आधार नाही.

तुराटी
आधार आहे. "आई" आहे ना. माय म्हणजे आई हे कोणत्या गावी कळत नाही? माळ-माय ची वाट नाही कळली तरी उत्तर बरोबर आलं की उलट जाऊन वाट शोधता येते. मी तर म्हणते गूढ कोड्याची खरी मजा या उलट्या वाटेत आहे. आमच्या इथल्या एका पोरानं उत्तर आधी लिहिलं आणि मग बराच वेळ फळ्यासमोर उभा राहून पुटपुटत होता, "माय... माळ... हाव ना, आपन मायच म्हनतो न बाप्पा!" शाळेत ज्या उच्चारासाठी त्याला टोकलं जातं, तोच उच्चार तिथे किल्ली ठरला. म्हणून मला खाली "अशुद्ध" नको.

या आठवड्यासाठी दोन काढलीत. "पंधरानंतर वऱ्हाडात पेरतात (२)". आणि "रजनी विस्कटली, कमळ उमललं (३)".

आडवेउभे
दुसरं नीरज. र-ज-नी घुसळले की नी-र-ज. छान, आणि मराठी कोड्याचा नियमही यातून कळतो: नी ची वेलांटी न ला सोडून जात नाही. एक चौकट, एक अक्षर, मात्रा आणि जोडाक्षरासकट. त्यामुळे काही शब्द उलटतच नाहीत. वर्धा उलटून बघा, र्धा नं सुरू होणारा शब्द कोण बोलणार?

पहिलं सोया. पंधरानंतर सोळा, सोळा चं वऱ्हाडात सोया. पंधरा जूननंतरच्या पेरणीचा भास झकास बसलाय. पण दोन तक्रारी. "पेरतात" हे क्रियापद आहे आणि उत्तर नाम. "पेरतात ते" हवं. आणि शेतकरी नुसतं सोया म्हणतो का? सोयाबीनच म्हणतो.

तुराटी
"पेरतात ते" केलं की वाक्याची लय जाते.

आडवेउभे
लय जाऊ द्या, न्याय राहू द्या.

रिद्धपूरकर
बाजार समितीत भाव विचारताना "सोया कितीले गेला?" असं मी ऐकलंय.

झाडीपट्टी
आमच्याकडे धान. यात मत नाही.

मुठेकाठी
मला मात्र आता गोडी लागली. असे आणखी शब्द सांगा, जे तिकडे एक आणि इकडे दुसरे.

तुराटी
धुरा. तुमच्याकडे पक्षाची धुरा सांभाळतात, आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. "शेताच्या कडेला नेतृत्व (२)". आणि "बिनबाह्यांची बैलगाडी (२)", म्हणजे बंडी. आमची बंडी बैल ओढतात, तुमची बंडी अंगात घालतात. वावर तर तुम्हालाही माहीत असेल: "शेतातली ये-जा (३)".

मुठेकाठी
धुरा मधला बांध आणि जबाबदारी, मूळ एकच का? संस्कृतात धुर म्हणजे जू, त्यावरून धुरीण, धुरंधर. बांधाशी त्याचा संबंध कसा?

रिद्धपूरकर
जू घेऊन बैल जिथवर जातो आणि वळतो, ती कड म्हणजे धुरा. सरळ आहे.

आडवेउभे
सरळ दिसतं, पण हे तुम्ही आत्ता जुळवलंत. नांगर वळतो ती कड शेताच्या दोनच बाजूंना येते. धुरा तर चारही बाजूंना असतो.

झाडीपट्टी
बंडीचं मी सांगतो, ते पक्कं आहे. तेलुगूत गाडीला बंडीच म्हणतात. आमच्या सिरोंचाकडे जा, नदीपलीकडे तेलंगण आहे. शब्द गाडीत बसूनच आला असेल.

रिद्धपूरकर
आणि अंगात घालायची बंडी? तीही तेलुगूतून?

झाडीपट्टी
ती वेगळी. दोन वेगळे शब्द योगायोगानं सारखे दिसतात.

रिद्धपूरकर
मला नाही पटत. मला वाटतं, बांधणे-बंध वरून दोन्ही निघत असतील. गाडीही दोरानं बांधलेली, बंडीही बंदांनी बांधलेली.