शार्दूल आला म्हणून नाचताय? आधी बोल्टचा हिशोब द्या

आझाद मैदान

परवा 'निळी पलटन' यांनी इथे लिहिलं की मुंबई इंडियन्सएवढं हुशार ट्रेडिंग, म्हणजे लिलावाबाहेर संघासंघांत खेळाडूंची देवघेव, अख्ख्या आयपीएलमध्ये कुणाला जमत नाही. पुरावा काय, तर शार्दूल लखनौकडून 2 कोटींत, रदरफोर्ड गुजरातकडून 2.6 कोटींत, मार्कंडे कोलकात्याकडून 30 लाखांत. वर 'ज्यांना कळत नाही त्यांनी टीव्ही बंद करावा' हा सल्ला फुकट. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पहिली गोष्ट. मार्कंडे आणि रदरफोर्ड ही जोडी 2019 मध्ये एकमेकांच्या बदल्यातच फिरली होती. मार्कंडे दिल्लीला दिला, रदरफोर्ड तिथून आणला. सहा वर्षांनी, 2025 मध्ये, दोघांसाठी पैसे मोजले. बोहारणीला साडी देऊन पातेलं घ्यायचं, आणि मग तीच साडी बाजारातून विकत आणायची. ही हुशारी असेल तर आमच्या घरी बरेच हुशार होऊन गेले.

पण माझं खरं दुखणं 2022. रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केल्यापासून तुम्ही लोक कधीही बघावं तर हार्दिक-रोहित, हार्दिक-रोहित. कॅमेरॉन ग्रीनला 17.5 कोटींना बंगळुरूला देऊन 15 कोटींत हार्दिक आणला, तो सौदा मला तरी वाईट वाटत नाही. खड्डा त्याआधीच पडला होता. 90 कोटींची पर्स, म्हणजे संघाने खेळाडूंवर खर्चायचे एकूण पैसे. लिलावाआधी राखलेले रोहित 16, बुमरा 12, सूर्या 8, पोलार्ड 6, हातात उरले 48. त्यातले 15.25 ईशान किशनला, 8.25 टिम डेव्हिडला, 8 जोफ्रा आर्चरला. तीन माणसांत 31.5 कोटी संपले. त्यातला आर्चर त्या वर्षी खेळणार नाही हे लिलावाच्या आधीच जगजाहीर होतं. 2023 ला आला, पाच सामने, दोन विकेट, परत घरी.

आणि 2020 च्या फायनलचा सामनावीर, त्या हंगामात 25 विकेट घेणारा ट्रेंट बोल्ट राजस्थानला गेला. कितीला? 8 कोटी. आर्चरला मोजले तेवढेच, एक पैसा जास्त नाही. पुढे 2024 च्या मेगा लिलावात तोच बोल्ट 12.5 कोटी देऊन परत आणला, तेव्हा तो 35 वर्षांचा.

1 एप्रिल 2024 ला राजस्थानविरुद्धच्या सामन्याला मी वानखेडेवर होतो. टॉसच्या वेळी हार्दिकवर एवढा आरडाओरडा झाला की समालोचक मांजरेकरांना मैदानातून सांगावं लागलं, नीट वागा. आणि मग पहिल्याच षटकात रोहित आणि नमन धीर आपापल्या पहिल्या चेंडूवर, नंतर ब्रेव्हिसही त्याच्या पहिल्याच चेंडूवर. तिघेही शून्य. बॉलर कोण? बोल्ट. 4 बाद 20. माझ्या पुढच्या रांगेतली पोरं तरीही हार्दिकच्याच नावाने शंख करत होती.

निळी पलटन

धागा काढल्याबद्दल आभार, प्रसिद्धी मिळाली. काका, एक सांगा, बोल्ट मुंबईत आला कसा? दिल्लीकडून ट्रेडनेच ना? डी कॉक बंगळुरूकडून 2.8 कोटींत ट्रेडनेच आला आणि 2019 ला 529 रन करून गेला. ते वर्ष कप आपला, पुढचं वर्षही आपलाच. मी ट्रेडिंगबद्दल लिहिलं होतं, तुम्ही लिलावाचं रडगाणं काढलंत.

आणि लिलावच काढायचा तर सगळा काढा. ज्या 2022 ला तुम्ही शिव्या घालताय त्याच लिलावात तिलक वर्मा 1.7 कोटींत मिळाला. हार्दिक 2015 ला 10 लाखांत आणला होता, विसरलात? पाच कप आहेत. पाच.

हिशोबनीस

दोघेही आपल्या सोयीची वर्षं निवडताय. मुंबईचा हा रोग जुना आहे. 2009 मध्ये उथप्पा देऊन झहीर घेतला, चांगला सौदा. त्याच वर्षी नेहरा देऊन शिखर धवन आणला, तोही चांगला. मग धवन टिकवला? नाही. 2013 ला मॅक्सवेलवर दहा लाख डॉलर उडवले, त्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू, आणि खेळवला तीन सामने. बटलर 2016-17 ला आपल्याकडे होता. राजस्थानने 4.4 कोटींत नेला आणि त्याने 2022 ला 863 रन काढले. माणूस ओळखण्यात मुंबई पहिली, पण ठेवण्यात ढ.

@आझाद मैदान, एक दुरुस्ती. ग्रीनचा सौदा वाईट नव्हता म्हणता, पण 2023 च्या शेवटच्या साखळी सामन्यात वानखेडेवर 47 चेंडूंत शतक ठोकणारा, विकताना 24 वर्षांचा ऑलराउंडर होता तो. हार्दिक आला त्या 2024 मध्ये आपण दहावे. आकड्यांत तरी तो सौदा अजून फिटलेला नाही.

विरार फास्ट

बोल्ट न्यूझीलंडचा, आर्चर इंग्लंडचा, ग्रीन ऑस्ट्रेलियाचा. दिवसभर यांच्यावरून भांडा. आपल्या पोरांचं काय?

ज्या दिवशी ईशानला 15.25 दिले त्याच दिवशी श्रेयस अय्यर कोलकात्याला 12.25 ला गेला. यशस्वी जैस्वाल, आझाद मैदानावर तंबूत झोपलेलं पोरगं, 2.4 कोटींत राजस्थानला. शिवम दुबे चेन्नईला. आणि आमचा आयुष म्हात्रे, विरारचा, तोही चेन्नईला, ते सुद्धा चेन्नईचा ऋतुराज गायकवाड जायबंदी झाला म्हणून. पहिला सामना कुठे? वानखेडे. कुणाविरुद्ध? आपल्याच. 15 चेंडूंत 32. माझ्या बाजूला बसलेल्या आजोबांनी पिवळ्या कपड्यातल्या पोराला टाळ्या वाजवल्या आणि मग बावचळून इकडेतिकडे बघितलं.

निळी पलटन

रोहित बोरिवलीचा नाही? सूर्या चेंबूरचा नाही? आणि आता शार्दूल, पालघरहून लोकलने येऊन क्रिकेट खेळलेला, 2025-26 ला मुंबईच्या रणजी संघाचा कॅप्टन झालेला. त्याला आणलाय तर त्यावरही रडायचं. तुम्हाला आनंदच सोसत नाही.

विरार फास्ट

सूर्याचं नाव काढलंत ते बरं केलंत. 2011 ते 2013 आपल्याकडे होता. सामने किती खेळवलात? एक. मग कोलकात्याने नेला, घडवला, आणि 2018 ला 3.2 कोटींत परत घ्यावा लागला. शार्दूलचंही तेच. आणला तेव्हा 34 वर्षांचा होता, पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, लखनौ फिरून आला. सगळ्यांची वापरून झाली की मग आपल्याला आठवण.

माझा भाचा नालासोपाऱ्याहून सकाळी 5.20 ची गाडी पकडून नेटला जातो. किटबॅग दाराशी उभी धरायची, नाहीतर लोक लाथा घालतात. त्या बॅगेवर स्टिकर कुणाचा आहे सांगू? चेन्नईचा. मी विचारलं, अरे मुंबईचा लाव की. म्हणाला, मामा, ते आपल्याला घेत नाहीत.

गहुंजे एक्सप्रेस

मुंबईकरांचं दुःख वाचून डोळे पाणावले. पाच कप आणि तरी पोरं बाहेर गेली म्हणून रडताय. आम्हाला टीमच नाही हो! पुणे वॉरियर्स 2013 ला बुडाले. मग दोन वर्षांची उसनी टीम मिळाली, ती फायनलला गेली आणि 130 चा पाठलाग करताना एका धावेने हरली. कुणाकडून? बसा टाळ्या वाजवत. शेवटच्या षटकात 11 हव्या होत्या, तिवारीने जॉन्सनला पहिल्याच चेंडूवर चौकार मारला होता. मी त्यानंतर दोन दिवस ऑफिसात कुणाशी बोललो नाही. आमचा ऋतुराजही चेन्नईने 20 लाखांत उचलला. आता पुण्यातली निम्मी पोरं चेन्नईची आहेत आणि त्यांना काय बोलणार?

आझाद मैदान

धागा बोल्टचा होता.

न्यू जर्सीकर

इकडे बेसबॉलमध्ये हे वाद शंभर वर्षं चालतात. बोस्टनने बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्क यांकीजला रोख पैशात विकला, 1919 च्या हंगामानंतर. पुढचा वर्ल्ड सिरीज विजय बोस्टनला 2004 मध्ये मिळाला. माझ्या ऑफिसातला एक बोस्टनवाला अजून त्यावर जेवताना बोलतो. तिकडे निदान आजच्या खेळाडूच्या बदल्यात उद्याची चार पोरं मागतात. आपल्याकडे बहुतेक वेळा रोख व्यवहार, माणूस गेला की पर्स फुगली, संपलं.

निळी पलटन

आले, अमेरिकेचे दाखले आले. आता टोल नाके आणि ट्रॅफिकवर पण लिहा.

हिशोबनीस

चेष्टा करू नका, मुद्दा बरोबर आहे त्यांचा. तिकडे पोरगा आपल्याच खालच्या संघातून वर येतो, त्यामुळे क्लबचा त्याच्यावर वर्षानुवर्षं हक्क असतो. इथे दर तीन वर्षांनी मेगा लिलाव, सगळं विसर्जन. विरार फास्ट म्हणतात तसं मुंबईने मुंबईचाच मुलगा घडवला तरी तो तीन वर्षांनी बाजारात उभा राहणार आणि ज्याची पर्स मोठी तो नेणार. श्रेयसला आपण 12.5 म्हटलं असतं तर कोलकात्याने 13 म्हटलं असतं. हे तुम्ही सोयीस्करपणे गाळता.

विरार फास्ट

म्हटलं असतं. आपण म्हटलंच नाही ना? 1 जून 2025, अहमदाबाद, क्वालिफायर 2. 204 चा पाठलाग. बुमराचा तो यॉर्कर बघितलात? पायात घुसणारा चेंडू, दुसऱ्या कुणाची दांडी गुल झाली असती. आता पंजाबकडून खेळणाऱ्या श्रेयसने बॅट शेवटच्या क्षणी खाली टेकवून थर्डमॅनला चौकार काढला. जणू शिवाजी पार्कात टेनिसबॉल खेळतोय. 41 चेंडूंत नाबाद 87. मुंबईला हरवायला मुंबईचाच माणूस लागला, एवढंच समाधान मानून झोपलो.

तुमचे हिशोब तुमच्याकडे ठेवा.

हिशोबनीस

उत्तर नसलं की माणूस असं बोलतो. तुमचा भाचा मोठा झाला आणि त्याला दुसरीकडे 10 कोटी मिळाले तर तुम्ही 'नको, मुंबईच बरी' म्हणणार आहात का? उगाच भावनांचा बाजार.

विरार फास्ट

भाच्याला मध्ये आणायचं कारण नव्हतं. मी सांगितलं ते त्याच्या बॅगेबद्दल. तुम्ही त्याची किंमत लावून मोकळे.

गहुंजे एक्सप्रेस

भाच्याला पुण्याला पाठवा. टीम नाही, पण कुणी लाथाही घालणार नाही.

आझाद मैदान

कृपा करून वैयक्तिक नको. मूळ प्रश्न परत एकदा विचारतो, सोप्या शब्दांत. सारख्याच 8 कोटींत न खेळणारा आर्चर घ्यायचा आणि वानखेडे ओळखणारा बोल्ट जाऊ द्यायचा, हा निर्णय कुणाला समर्थनीय वाटतो? निळी पलटन, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. पाच कप हे उत्तर नाही, 2022 नंतरचे किती ते सांगा.

निळी पलटन

बरं बाबा, आर्चर फसला. लिहून दिलं, फ्रेम करून लावा. बुमरा-आर्चर एकत्र बघायचे म्हणून सगळेच तेव्हा उड्या मारत होते, आज सगळे शहाणे. पण बोल्ट परत आणला त्यावर तुमचं काय म्हणणं? 35 चा म्हातारा म्हणून हिणवलंत. 2025 ला 22 विकेट कुणी घेतल्या? तुमच्याच लाडक्याने. म्हणजे सोडला तरी चूक, आणला तरी चूक.

आझाद मैदान

आणला ते चूक म्हटलेलं नाही. साडेचार कोटी जादा गेले, ते म्हटलंय. वाचत जा.

हिशोबनीस

यावरून आठवलं. 16 डिसेंबर 2025 च्या लिलावाला आपल्या पर्समध्ये 2.75 कोटी होते आणि जागा पाच. दहाही संघांत सगळ्यात कमी पैसे आपल्याकडे. शार्दूलचे 2, रदरफोर्डचे 2.6 त्यातूनच गेले होते. त्या उरलेल्या पैशात सलामीला कोण आणणार होता ते 'हुशार ट्रेडिंग'वाल्यांनी सांगावं.

विरार फास्ट

30 लाखांत वसई-विरारमध्ये पोरं भरपूर आहेत. पत्ता देऊ का?